खोकला टीबीचाच, हे कोणी ठरवलं?

धुळ्यातल्या आमच्या वस्तीत एक मावशी राहतात. वय पन्नाशीच्या आसपास. आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, तंबाखू खाल्ली नाही. गॅस आला तो अलीकडे; त्याआधीची सगळी वर्षं पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे गेली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. घरच्यांनी काढा दिला, मेडिकलवरून बाटली आणली. महिना झाला तरी खोकला जाईना, वर दम लागू लागला. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. उजव्या बाजूला छातीत पाणी झालेलं दिसलं. सुईने पाणी काढलं, "टीबीचं पाणी आहे" असं सांगितलं आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. काढलेलं पाणी तपासणीला गेलं की मोरीत ओतलं गेलं, हे घरात कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच आपल्याला माहीत नसतं.

पाणी काढल्यामुळे पंधरा दिवस बरं वाटलं. पुन्हा दम सुरू झाला. चौथा महिना गेला, पाचवा गेला, वजन उतरत गेलं. शेजारीपाजारी म्हणत, टीबीत असंच होतं. शेवटी सुनेने सगळे कागद पिशवीत भरले आणि सरळ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "टीबीचा रिपोर्ट कुठे आहे?" पिशवीत एक्स-रे होता, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, बिलं होती. टीबीचा जंतू सापडल्याचा एकही कागद नव्हता. पुन्हा पाणी काढलं, या वेळी ते तपासलं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. फुप्फुसाचा कॅन्सर होता.

मावशींची पुढची गोष्ट खाली सांगतोच. पण आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचं कारण तो डॉक्टरांचा पहिला प्रश्न आहे. आपल्या वस्तीत खोकला, ताप, बारीक होणं आणि बेडक्यात रक्त म्हणजे टीबी, हे समीकरण पक्कं बसलं आहे. ते बरेचदा बरोबरही असतं, कारण टीबी आपल्याकडे खरोखरच जास्त आहे. पण हीच सगळी लक्षणं फुप्फुसाच्या कॅन्सरचीही आहेत. एक्स-रेवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की कॅन्सरला काही महिने मोकळे मिळतात.

हा आजार किती मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात फुप्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख माणसं त्याने गेली. सर्व कॅन्सरमध्ये सर्वाधिक बळी याचेच. भारतात त्याच वर्षी नवे रुग्ण सुमारे ८१ हजार. आपल्याकडे यातले बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात डॉक्टरांपुढे येतात. फुप्फुसाच्या आत दुखण्याची जाणीव जवळजवळ नसते, त्यामुळे गाठ वाढत राहते आणि माणूस कामावर जात राहतो.

कारणांमध्ये बिडी-सिगारेट पहिली. बिडीत तंबाखू थोडी असते म्हणून ती कमी वाईट, हा समज खोटा आहे. विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोरात ओढावी लागते, आणि धूर खोल जातो. त्यानंतर चुलीचा धूर, दुसऱ्याच्या बिडीचा धूर, डिझेलचा धूर, हवेचं प्रदूषण, खडी क्रशरवरची दगडाची बारीक धूळ, ॲस्बेस्टॉस. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांनाही धोका थोडा जास्त असतो. आणि मावशींसारखे अनेक जण असेही असतात, ज्यांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं. म्हणून "ती कुठे बिडी ओढते?" एवढ्यावर शंका मिटवू नये.

खान्देशात खोकल्याला कारणं देणं सोपं आहे. जिनिंगमधला माणूस म्हणतो कापसाची धूळ, डाळमिलमधला म्हणतो भुसा, मिरचीच्या वखारीतला म्हणतो तिखटाचा ठसका. म्हातारे बाबा तर हसून सांगतात, "काही नही, बिडीना खोकला शे हाऊ." कारण तयार असल्यामुळे तपासणी राहून जाते.

पहिली पायरी: बेडका

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी करायची. ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे आणि आता पूर्वीपेक्षा खूप नेमकी झाली आहे. पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधत. जंतू कमी असले तर सुटून जात. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर जंतूच्या जनुकाचा शोध घेतला जातो. एक-दोन तासांत उत्तर मिळतं आणि मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही, तेही कळतं. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं यंत्र आहे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराची शिफारस केली.

याचा कॅन्सरशी काय संबंध? टीबी आहे हे इतक्या लवकर सिद्ध करता येत असेल, तर बेडका न तपासता महिनोन्महिने अंदाजाने गोळ्या खाण्याचं कारण उरत नाही. बेडका तपासून जंतू सापडला तर गोळ्या पूर्ण घ्या. टीबी बरा होतो. जंतू सापडला नाही तर डॉक्टरांना विचारा, "मग हे नक्की काय आहे, आणि ते कशाने कळेल?"

काही वेळा जंतू न सापडताही टीबी असतो आणि डॉक्टर विचार करून उपचार सुरू करतात. त्यात चूक नाही. पण अशा वेळी दोन महिन्यांत ताप उतरायला हवा, भूक लागायला हवी, वजन वाढायला हवं. तसं झालं नाही तर पुन्हा तपासणी व्हायलाच हवी. मात्र हा लेख वाचून कोणीही टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. काही जणांना दोन्ही आजार एकत्र असतात, आणि अर्धवट सोडलेला टीबी औषधांना न जुमानणारा होऊन बसतो. टीबीबद्दलच्या शंकांसाठी सरकारी मदत क्रमांक १८०० ११ ६६६६ आहे.

एक्स-रेच्या पुढे काय आहे

एक्स-रे स्वस्त आणि झटपट आहे, तो हवाच. त्यातही प्रगती झाली आहे. पेटीएवढं यंत्र वस्तीत आणून फोटो काढता येतो आणि संगणक तो वाचून संशयाची जागा दाखवतो. टीबीच्या चाचपणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. अशी एक प्रणाली मुंबईतच तयार झाली आहे. अशा काही प्रणाली फुप्फुसातली गाठही दाखवतात. पण एक्स-रे म्हणजे सावली. हृदयाच्या मागे किंवा बरगडीआड लपलेली लहान गाठ त्यात दिसत नाही.

सीटी स्कॅन छातीचे पातळ काप केल्यासारखी चित्रं देतो. काही मिलिमीटरची गाठही त्यात दिसते. संशय असेल तर सीटी हवाच.

यातला नवा प्रकार म्हणजे कमी किरणांचा सीटी. त्रास सुरू होण्याआधीच गाठ पकडता येईल का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या किंवा सोडलेल्या माणसांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांची दरवर्षी अशा सीटीने तपासणी झाली, त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक्स-रेवाल्यांपेक्षा २० टक्के कमी होते. २०११ साली हा निकाल आला. एवढा लवकर सापडलेला कॅन्सर शस्त्रक्रियेने काढून बरा होऊ शकतो.

मग सगळ्यांनी असा सीटी काढावा का? नाही. त्याच अभ्यासात सीटीवर काहीतरी संशयास्पद दिसलेल्या दर १०० तपासण्यांपैकी सुमारे ९६ मध्ये शेवटी कॅन्सर निघाला नाही. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डाग आणि गाठी कितीतरी जणांच्या छातीत असतात. म्हणून सीटीत गाठ दिसली म्हणजे कॅन्सर झाला, असं धरून घर हादरवू नका. भारतात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी तिशीनंतर सरकारी तपासणी आहे. फुप्फुसासाठी अशी मोहीम नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीसेक वर्षं भरपूर बिडी-सिगारेट ओढलेल्या माणसाने छातीच्या डॉक्टरांशी यावर बोलावं. जाहिरातीतलं पॅकेज बघून पैसे भरू नयेत.

सुई लावली की कॅन्सर पसरतो?

वस्तीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी भीती ही. "तुकडा काढला आणि माणूस गेला" अशी उदाहरणं लोक देतात. तो माणूस तुकड्याने गेलेला नसतो. आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि तुकडा त्या शेवटच्या दिवसांत काढलेला असतो. तुकडा तपासणीने, म्हणजे बायोप्सीने, कॅन्सर पसरण्याची शक्यता अगदीच नगण्य आहे. ती टाळल्याने मात्र उपचारच सुरू होत नाहीत. सीटीत कितीही स्पष्ट गाठ दिसली, तरी पेशी पाहिल्याशिवाय कॅन्सर आहे असं खात्रीने सांगता येत नाही.

तुकडा काढण्याच्या वाटाही आता अनेक आहेत. मानेत गाठ असेल तर साध्या सुईने काम होतं. छातीत पाणी असेल तर ते पाणीच तपासता येतं. गाठ कडेला असेल तर सीटीत बघत बघत बाहेरून सुई घालतात. यात काही वेळा फुप्फुसातून हवा बाहेर येते, म्हणून काही तास रुग्णालयात ठेवून लक्ष ठेवतात. गाठ श्वासनळीजवळ असेल तर नाका-तोंडातून बारीक दुर्बीण घालतात. ही वाकणारी दुर्बीण जपानमध्ये १९६०च्या दशकात तयार झाली. आता तिच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते, त्यामुळे श्वासनळीच्या भिंतीपलीकडच्या गाठींपर्यंतही सुई पोचते. पूर्वी यासाठी भूल देऊन छातीवर शस्त्रक्रिया करावी लागे.

कॅन्सर नक्की झाला की तो कुठवर गेला आहे ते पाहतात. त्यासाठी सगळ्या शरीराचा पेट-सीटी आणि काही वेळा मेंदूचा एमआरआय करतात. उपचार कोणता, हे यावरून ठरतं.

सगळ्यात मोठा बदल: तुकड्याची जनुकीय तपासणी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तुकड्याचा रिपोर्ट एवढंच सांगे की कॅन्सर आहे आणि तो साधारण अमुक जातीचा आहे. मग सगळ्यांना जवळपास सारखीच केमो. २००४ साली संशोधकांना कळलं की काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालेला असतो आणि त्यांना रोज घ्यायची एक गोळी चांगली लागू पडते. २००७ मध्ये एएलके नावाच्या दुसऱ्या जनुकातलाही असा बदल सापडला. आता अशा अनेक बदलांची तपासणी एकाच तुकड्यातून होते.

आपल्या देशातल्या ॲडिनोकार्सिनोमा जातीच्या रुग्णांमध्ये साधारण चारात एकाला, कधी त्याहून जास्त जणांना, ईजीएफआरचा बदल सापडतो. बिडी न ओढणाऱ्या बायकांमध्ये तो अधिक दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. नुसती जेफिटिनिब ही गोळी घेणाऱ्यांचा आजार मध्यमानाने ८ महिने आटोक्यात राहिला. गोळीसोबत केमो घेणाऱ्यांचा १६ महिने. केमोचा त्रास अर्थातच जास्त झाला. पण आपल्याच राज्यातल्या रुग्णालयाने केलेला हा अभ्यास जगभर वाचला गेला. ही गोळी भारतीय कंपन्याही बनवतात.

तुकडा काढणं शक्यच नसेल किंवा तो पुरेसा नसेल, तर आता रक्तातूनही हा बदल शोधता येतो. गाठीतून सुटलेले जनुकांचे कण रक्तात फिरत असतात, ते यंत्र पकडतं. रक्तात बदल सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर मात्र तो गाठीत नाहीच, असं म्हणता येत नाही.

आमच्या मावशींच्या पाण्यातल्या पेशींची हीच तपासणी मुंबईत झाली आणि ईजीएफआरचा बदल सापडला. गेलं वर्षभराहून अधिक काळ त्या उपचार घेत आहेत. आजार चौथ्या टप्प्यात सापडला, त्यामुळे तो मुळापासून जाणार नाही हे त्यांना आणि घरच्यांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पण त्या चालत विहारात येतात, नातवाचा डबा भरतात, दम लागत नाही. पहिल्यांदा काढलेलं पाणी तपासलं गेलं असतं तर हे उपचार पाच महिने आधी सुरू झाले असते. सुनेला त्या पाच महिन्यांचा राग अजून आहे, आणि आम्हालाही आहे.

एक छोटी गोष्ट, फार कामाची

तपासणीचा तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर लावतात, त्या स्लाइड. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर रिपोर्टच्या कागदासोबत ब्लॉक आणि स्लाइडही मागतात, कारण जनुकीय तपासणी त्या ब्लॉकवरच होते. तो नसेल तर पुन्हा सुई, पुन्हा खर्च, पुन्हा पंधरा दिवस. म्हणून तुकडा किंवा पाणी काढताना विचारा, "हे कुठे पाठवणार? रिपोर्ट कधी मिळेल? ब्लॉक आम्हाला मिळेल ना?" मिळाला की उन्हापासून आणि चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवा, मेण वितळतं.

कुठे जायचं, खर्चाचं काय

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रापासून किंवा आशाताईंपासून करा. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे छातीच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. खासगीत पैसे भरण्याआधी तिथे केसपेपर काढा. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे. जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याने आणि धुळ्याहून चाळीसगाव-कन्नडवरून तिथे जाता येतं. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय आहे. तिथे राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं कॅन्सरच्या रुग्णांचा आधार आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत भाडेसवलत मिळते; त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. आता ती आयुष्मान भारतसोबत चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन यात येतात. मात्र निदान पक्कं होण्याआधीच्या तपासण्या बरेचदा योजनेत बसत नाहीत, म्हणूनच त्या सरकारी रुग्णालयात करणं परवडतं. रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड आजारी पडण्याआधीच नीट करून ठेवा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा. मदत क्रमांक १५५३८८.

थांबू नये अशा खुणा

खोकला दोन-तीन आठवड्यांहून जास्त, किंवा जुन्या खोकल्याचा आवाज आणि जोर बदलणं. बेडक्यात रक्ताचा धागासुद्धा. विनाकारण वजन उतरणं. आवाज बसणं आणि तो न सुटणं. खांद्यात किंवा छातीत एकाच जागी सतत दुखणं. चेहरा-मान सुजणं. बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होणं. एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया किंवा पाणी होणं. यातलं काहीही चाळिशीनंतर दिसलं आणि माणूस बिडी ओढणारा असेल, तर आठवडाही वाया घालवू नका.

बिडी सोडायला वय नाही. साठीत सोडली तरी धोका उतरतो. सोडण्यासाठी फोनवर मोफत मार्गदर्शन मिळतं: १८०० ११ २३५६.

कोणी सांगतं म्हणून, चालत आलंय म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. दवाखान्यातही तेच करायचं आहे. डॉक्टरांशी भांडायचं नाही, हात जोडून पण स्पष्ट विचारायचं, "साहेब, रिपोर्ट कुठे आहे?" येत्या रविवारी वंदना झाल्यावर आपल्या विहारात एवढंच करा: कोणाच्या घरात दोन आठवड्यांहून जुना खोकला आहे, ते विचारा. जो कोणी असेल, त्याला सोमवारी सकाळी एकट्याला पाठवू नका. सोबत एक जण जा, आणि कागद ठेवायला एक पिशवी घेऊन जा.